घसा आबांचा, शहाणपण माझं

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी लावलं. पूर्ण नाही, पाऊण. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, बहिणीच्या पोरांना मिशा फुटल्या, तरी आमच्या घरात त्या लग्नाचा विषय निघाला की सगळे आधी माझ्याकडं बघतात, मग एकमेकांकडं बघतात, आणि मग कुणाला तरी अचानक बाहेर काम आठवतं.

लग्न लावलं म्हणजे स्थळ आणलं किंवा खर्च उचलला, असं समजू नका. खरोखर लावलं! मांडवात उभं राहून, हातात माईक धरून. आमच्या घरानं छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म घेतला तेव्हा आमचे आबा विशीतले होते. पुढं ते बौद्धाचार्य झाले. म्हणजे एरवी शेळगावात वांगी-टोमॅटोची बागायत करायची आणि लग्नसराईत पांढरे कपडे घालून इंदापूर-बारामतीकडच्या गावांमधून लग्नं लावत फिरायचं. त्रिसरण, पंचशील, नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा, शेवटी मंगल गाथा आणि फुलं. आबा पुढं म्हणायचे, माणसं मागून म्हणायची. आवाज असा की मध्येच वीज जाऊन माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नसे. माझंही लग्न त्यांनीच लावलं. मी मान खाली घालून सगळ्या प्रतिज्ञा केल्या होत्या (त्यातली एकही पाळली नाही, असं माझी बायको सुमन म्हणते).

"लोकांच्या पोरींची लई लग्नं लावली," आबा म्हणायचे, "आता माझ्या संगीचं लावलं की मी मोकळा."

संगी त्यांची एकुलती एक लेक, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिनं तर दहावीत असल्यापासून सांगून ठेवलं होतं, "माझं लगीन आबाच लावणार. नवरा कुणीबी आणा, चालंल." बाकी कसलाही हट्ट तिनं कधी केला नाही. साडी, भांडी, मांडव, जेवण, कशालाच तिचं काही म्हणणं नव्हतं.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. संगीचं भिगवणच्या विलासशी जमलं, मे महिन्यातली तारीख धरली. आणि मार्च संपता संपता आबा खाकरायला लागले.

(त्याच महिन्यात मी बारामतीहून कूलर आणला होता. हे आपलं सहज सांगून ठेवतो.)

कूलर म्हणजे पत्र्याचं एक कपाटच होतं. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, पुढं पंखा. चालू केला की घरात मळणी चालल्यासारखं वाटायचं. शेळगावात आमच्या आळीत तो पहिलाच, त्यामुळं पहिले आठ दिवस माणसं येऊन त्याच्यापुढं उभी राहायची, गार वारा अंगावर घ्यायची आणि "मास्तरानं बापाचं सुख बघितलं" असं म्हणून जायची. हे वाक्य ऐकण्यासाठी मी कूलरशेजारीच खुर्ची टाकून बसायचो. आबा जन्मभर दारातल्या लिंबाखाली बाजेवर झोपत आले होते. मी ती बाज आत आणली, कूलरच्या तोंडापुढं लावली आणि आबांना तिच्यावर झोपवलं. मास्तरचा बाप बाहेर झोपतो, हे बरं दिसत नाही!

आठ-दहा दिवसांत आबा सकाळी उठून चुळा भरायच्या आधी दोनदा खाकरायला लागले. मग दहादा. मग जेवताना, मग वांगी तोडताना, मग कुणाशी बोलताना दर दोन वाक्यांमागं एकदा.

"आबा, घसा दुखतोय का?" मी विचारलं.

"दुखतोय थोडा. पर ह्ये घशाचं न्हाय रं. नाकातनं मागं कायतरी उतरतंय. थेंब थेंब. सकाळच्याला लई."

"नाकातलं नाकातनं येतं, आबा. घशात येतं ते घशाचं असतं."

मी बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे इथं सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. नाक आणि घसा आतून जोडलेले असतात, याचा तक्ता माझ्या वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता. त्याच्याकडं पाठ करून मी रोज पाच तास उभा राहायचो.

"दवाखान्यात दाखवून आणा की आबांना," सुमन म्हणाली.

"साध्या घशाला कशाला दवाखाना? मी आहे ना!"

आणि मी उपचार हातात घेतले. एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला आरोग्याचं सदर यायचं, त्याची कात्रणं मी जपून ठेवली होती. त्यांच्या आधारानं मी आबांचं ताक बंद केलं. दही बंद. लोणचं, पेरू, चिंच बंद. ज्या माणसाला ताकाशिवाय भाकरी गिळता येत नव्हती, तो कोमट पाण्याबरोबर भाकरी खायला लागला. शेजारचे लहू तात्या, म्हणजे आबांचे बालमित्र, रोज सकाळी चौकशीला यायचे आणि जाताना एक औषध सांगून जायचे.

"बेहड्याची साल तोंडात धर. बघ कसा घसा सुटतोय!"

धरली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मिरी आन् मध."

चाटलं. तिसऱ्या दिवशी ज्येष्ठमध, चौथ्या दिवशी ओव्याची धुरी. सुमनचा आल्याचा काढा वेगळाच. आणि माझ्या मिठाच्या गुळण्या, दिवसातून सहा वेळा! आबांनी मनावर घेऊन गुळण्या सुरू केल्या की रस्त्यानं जाणारी म्हैस थांबून आमच्या घराकडं बघायची. आबा कशालाही नाही म्हणाले नाहीत. संगीच्या लग्नापर्यंत आवाज नीट व्हायला पाहिजे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यासाठी मी त्यांना झाडावर चढायला सांगितलं असतं तरी ते चढले असते.

फरक काही पडेना. उलट खाकरणं वाढलं. मग मी कात्रणांमधून रामबाण उपाय शोधून काढला. मौन!

"आजपासनं बोलायचं नाही, आबा. एक शब्द नाही. घशाला पूर्ण विश्रांती."

"आरं पर..."

"बोललात!"

मी शाळेतून एक पाटी आणि खडूचा डबा आणून त्यांच्या हातात दिला. आई चुलीपुढून म्हणाली, "बोलणाऱ्याला गप बसवून कुणाचा घसा बरा झालाय रं?" पण आईचं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळं तिच्याकडं मी लक्ष दिलं नाही.

आबा पाटीवर ठळक अक्षरात लिहायचे. 'चहा.' 'चाऱ्याला पाणी सोडा.' 'लहू आला का.' आणि मौनाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी पाटी माझ्यापुढं धरली. तिच्यावर लिहिलं होतं, 'कूलर बंद कर. त्यानं होतंय.'

मी वाचलं. नीट वाचलं. आणि हसलो. जुनी माणसं! दिवा जळत राहिला तरी यांचा जीव खालीवर होतो, मग एवढं मोठं यंत्र चालताना यांना झोप कशी लागणार? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आबा, विजेची काळजी तुमी करू नका. मी हाय ना!" आणि कूलरचं बटण मधल्यावरून फुलवर नेलं.

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हाताच्या पंजानं पाटी पुसली. ते पाटी पुसणं मला आजही दिसतं.

मौन नीट पाळलं जातंय का हे बघायला मी माझी कॉटही त्या खोलीत टाकली, आणि चार-पाच दिवसांत मीही खाकरायला लागलो. सकाळी उठलं की घशात बुळबुळीत काहीतरी चिकटलेलं, घसा खवखवलेला, गिळलं तरी जात नाही, खाकरलं तरी निघत नाही. आता बापलेक समोरासमोर बसून गुळण्या करायला लागलो. एक वरच्या पट्टीत, एक खालच्या. मी निष्कर्ष काढला की आबांचा संसर्ग मला झाला. आई, सुमन आणि संगी पडवीत झोपायच्या, त्यांचे घसे ठणठणीत होते. बघा, त्या खोलीत झोपणारे दोघं खाकरतायत, बाहेर झोपणाऱ्या तिघी बऱ्या आहेत, आणि मी त्याच आठवड्यात शाळेत 'निरीक्षण व अनुमान' हा धडा शिकवत होतो!

लग्न आठ दिवसांवर आलं. सुमननं पुन्हा दवाखान्याचं काढलं. मी म्हणालो, पत्रिका वाटायच्यात, मांडववाला यायचाय, आचारी ठरवायचाय, दवाखान्याला वेळ कुणाला आहे? वेळ होता. लग्नाच्या खरेदीला मी बारामतीला रोजच जात होतो. पण दवाखान्यात जाणं म्हणजे माझे उपाय हरले असं कबूल करणं, आणि ते मला नको होतं. हे त्या वेळी मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी आबा अंघोळ करून पांढरा सदरा, पांढरं धोतर घालून तयार झाले. हातात त्यांचं विधीचं पुस्तक. गेला महिनाभर तोंडातून शब्द नव्हता, तो माणूस मांडवाच्या दाराशी येऊन म्हणाला, "चला."

एवढ्या एका शब्दामागं ते तीनदा खाकरले. मी पुढं झालो.

"आबा, तुमी नाही लावायचं लग्न."

"आँ?"

"महिन्याची मेहनत वाया जाईल! ह्या घशानं तासभर बोललात तर आवाज कायमचा जातो. मी वाचलंय."

संगी तोवर बाहेर आली होती. पांढरी साडी, केसांत मोगरा. ती म्हणाली, "दादा, असू दे की. खाकरलं तर खाकरलं. मला चालतंय."

"तुला चालतंय गं, आवाज गेला तर कोण जबाबदार?"

"मी जबाबदार. मी आजपातूर कायबी मागितलं न्हाय, दादा. येवढंच मागतीय."

"तू लहान आहेस. तुला यातलं कळत नाही."

इथं मी थांबायला पाहिजे होतं. तिच्या तोंडाकडं बघून कुणीही थांबलं असतं. पण मांडवात पाहुणे बसले होते, सगळे ऐकत होते, आणि मी विज्ञानाचा मास्तर होतो. आबांनी लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. भर मांडवात पोराचा शब्द खाली पाडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

आता ऐनवेळी दुसरा बौद्धाचार्य कुठून आणायचा? म्हणून लग्न मी लावणार! लहानपणापासून आबांच्या मागं फिरून मला सगळं पाठ होतं. प्रश्न एवढाच होता की घसा माझाही तसाच होता, आणि ही गोष्ट मी माईक हातात घेईपर्यंत माझ्या ध्यानात आली नाही.

त्रिसरण, पंचशील कसंबसं पार पडलं. प्रत्येक ओळीमागं मी खाकरत होतो आणि लाउडस्पीकर ते खाकरणं थेट कॅनॉलपलीकडं नेऊन पोचवत होता. मग नवऱ्या मुलाच्या प्रतिज्ञा आल्या. हा विलास अतिशय सालस मुलगा, पोस्टात नोकरीला. घरून निघताना त्याच्या चुलत्यांनी त्याला बजावलं होतं, "ते म्हणतील ते तसंच्या तसं म्हणायचं. एक अक्षर इकडं न्हाय, तिकडं न्हाय."

"मी माझ्या पत्नीचा," मी म्हणालो.

"मी माझ्या पत्नीचा," विलास म्हणाला.

"आयुष्यभर सन्मान... अहं... खर्रर्र... अहं!"

"आयुष्यभर सन्मान, अहं, खर्रर्र, अहं," विलास म्हणाला.

पोरी फिस्सकन हसल्या. मला घाम फुटला, घसा आणखी चिकटला. मी मान वळवून मांडववाल्याला म्हणालो, "अरे, पाणी आणा जरा!" मान वळली, पण माईक तोंडापुढंच राहिला.

"अरे, पाणी आणा जरा!" विलास गंभीरपणे म्हणाला.

"ते नाही म्हणायचं," मी कुजबुजलो.

"ते नाही म्हणायचं," विलासही कुजबुजला.

मांडव कोसळायचा बाकी राहिला! पहिल्या रांगेतले चुलते उठून ओरडले, "आरं थांब की येड्या!" विलासनं तेही म्हणावं का, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. माणसं पोट धरून हसत होती, बायका पदर तोंडात कोंबत होत्या, लहू तात्या तर खुर्चीवरून घसरून खाली बसले. नवरीही पहिल्यांदा हसली. मग तिची नजर आबांकडं गेली आणि तिचं हसू तिथंच थांबलं. आबा एकटेच हसत नव्हते. ते माझ्या हातातल्या पुस्तकाकडं बघत बसले होते.

पाणी आलं, प्यायलो, प्रतिज्ञा उरकल्या. सगळ्यात मोठी गोष्ट राहिली, मंगल गाथा. माणसांनी फुलं हातात घेतली. दोन कडवी मी म्हणालो आणि तिसऱ्याला माझा आवाज गेला. बसला नाही, गेला! तोंड हलतंय आणि बाहेर नुसता वारा. लाउडस्पीकरमधून फुस्स, फुस्स असं यायला लागलं.

तेव्हा आबा उठले. खुर्ची मागं सारून, सदरा सारखा करून उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

आणि मी, आवाज गेलेला, घामाघूम झालेला मी, मंचावरून त्यांना हातानं खूण केली. तोंडावर बोट ठेवलं आणि 'बसा' म्हणून हात खाली केला.

आबा बसले.

मग मागच्या रांगेतून आमच्या आईनं गाथा उचलली. तिच्यामागं बायकांनी उचलली, मग पुरुषांनी, मग पोरांनी. पाठ सगळ्यांनाच होती. आबांनीच तीस-पस्तीस वर्षं लग्नालग्नांतून ती पंचक्रोशीकडून पाठ करून घेतली होती. सगळा मांडव एका आवाजात म्हणत होता, फुलं पडत होती, फक्त आबा तोंड मिटून बसले होते, कारण मी तसं सांगितलं होतं. संगी हार घालताना विलासकडं बघतच नव्हती. ती आबांकडं बघत होती.

लग्नानंतर चार दिवसांनी मी दवाखान्यात गेलो. आबांसाठी नव्हे, माझ्यासाठी! शाळा उघडायच्या आत आवाज यायला पाहिजे होता. सुमननं आबांनाही एसटीत बसवून दिलं. बारामतीच्या त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी आबांना समोर बसवलं आणि विचारलं, "काय होतंय, आबा?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. बोलू का, म्हणून.

"त्यांना काय होतं," मी फाटक्या आवाजात सुरू केलं, "घशाचा जुनाट..."

"मास्तर, घसा कुणाचा आहे?" बाई म्हणाल्या. "त्यांना बोलू द्या."

आणि आबा बोलले. दीड महिन्याचं साठलेलं सगळं बोलले. "नाकातनं मागं घशात उतरतंय बाई. निजल्यावर ज्यास्त. सकाळी उठलं की घसा भरल्यावानी. कूलर आला तवापासनं हाय. एकदा लाईट गेली म्हणून दोन दिस लिंबाखाली निजलो, तर कमी आलं. पुन्यांदा आत निजलो, पुन्यांदा सुरू."

बाईंनी नाक बघितलं, घसा बघितला, आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आजार तर यांनीच ओळखलाय. मला फक्त कागदावर लिहायचं काम उरलंय. कूलरचं गवत कधी बदललं? टाकीतलं पाणी?"

"बदलायचं असतं?" मी विचारलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नाकाच्या आतल्या अस्तरातून पाणी सगळ्यांनाच सुटत असतं, आपण ते नकळत गिळून टाकतो. धुळीनं, बुरशीनं, कुबट हवेनं नाक चिडलं की ते जास्त सुटतं, घट्ट होतं आणि पुढून न येता मागून घशात उतरत राहतं. घसा त्यानं खवखवतो. मग माणूस खाकरतो, खाकरल्यानं घसा आणखी सोलवटतो, म्हणून माणूस आणखी खाकरतो. "घसा लाल आहे, पण मूळ दुखणं त्याचं नाही."

आबांनी मान डोलावली. "म्हंजी चिखल टेलला हाय, पर पाणी हेडला सुटतंय. आन् आमी टेललाच खोरं मारत बसलो!"

"बरोबर!" बाई हसल्या. कॅनॉलच्या हेड-टेलवर, म्हणजे तोंडाशी आणि शेवटाशी, जन्म काढलेल्या माणसाला माझ्या वर्गातला तो तक्ता एका मिनिटात कळला होता. त्यांनी नाकात मारायचा एक फवारा लिहून दिला, मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला शिकवलं, आणि खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्या म्हणाल्या.

"आणि ताक?" आबांनी भीत भीत विचारलं.

"प्या की! कुणी बंद केलं?"

मी छताकडं बघितलं. मला एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारायचाही नव्हता. शेवटी विचारला. "बाई, समजा, आबांनी... म्हणजे या अवस्थेत तासभर लग्न लावलं असतं, तर आवाजाला काही...?"

"काय होणार होतं? मधे दोन घोट पाणी प्यायचं आणि लावायचं लग्न!"

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी म्हणालो, "आबा, आता बोला की. मौन संपलं."

आबा खिडकीबाहेर उसाकडं बघत होते. म्हणाले, "आता काय बोलू? जे बोलायचं हुतं ते मांडवात हुतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. घरी जाऊन मी कूलरच्या जाळ्या उघडल्या. गवत काळंहिरवं झालेलं, बुरशीचा असा भपकारा आला की मी मागं सरलो, आणि टाकीतून एक तरणाबांड बेडूक उडी मारून दारातून निघून गेला (त्याचा आवाज मात्र शाबूत होता). आबांनी बाज उचलली आणि लिंबाखाली नेऊन टाकली. पंधरा-वीस दिवसांत त्यांचं खाकरणं थांबलं. पुढच्या लग्नसराईपर्यंत आवाज पहिल्यासारखा झाला.

आणि त्या लग्नसराईत लोणी भापकरचे एक गृहस्थ आले. अंगणात बसून चहा घेतला आणि म्हणाले, "आबा, पोरीचं लगीन काढलंय. तुमीच लावायचं."

"लावू की," आबा म्हणाले.

"मीही येतो हं," मी म्हणालो. "आबांना मदतीला."

गृहस्थ अडखळले. बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. माणूस भला होता, त्याला मला दुखवायचं नव्हतं. "या की, मास्तर. तुमाला न्हाय कसं म्हणू? पर काय हाय... तुमी जरा जेवायच्या टायमाला या."

मी जेवायच्या टायमाला गेलो नाही. थोडा आधी गेलो आणि मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिलो. संगीही आली होती, विलासबरोबर. विलास पुढं जाऊन बसला, ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. आत आबा मंगल गाथा म्हणत होते. एकदाही खाकरले नाहीत. तो आवाज वर चढत होता आणि एका अनोळखी मुलीच्या अंगावर फुलं पडत होती. मी संगीकडं बघायचं टाळत होतो. गाथा संपेपर्यंत तिनं पदरानं दोनदा डोळे पुसले.

मग माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "दादा, तू लई हुशार हायस रं. उलीसा कमी असतास, तर माझं लगीन आबांनी लावलं असतं."

इतकी वर्षं झाली, आबाही आता राहिले नाहीत, तरी ते वाक्य कानातून गेलेलं नाही. तेवढ्यात आतून लोणी भापकरचे ते गृहस्थ लगबगीनं बाहेर आले आणि मला बघून एकदम मोकळे हसले.

"या मास्तर, अगदी टायमाला आलात! पंगत बसतीय."

मी गेलो आणि पोटभर जेवलो. बोलावलं होतं ते तेवढ्यासाठीच, आणि तेवढं तरी मी बिनचूक करून दाखवलं.